हॅटनहून पुढे एक दिवस

३ मार्च

आज सकाळी दालचिनी सोलायला बसायच्या आधी विड्याच्या पानांची जुडी घेऊन जिनदास मामांकडे गेलो. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून. पानं त्यांच्या हातात दिली, गुडघे टेकून नमस्कार केला. विचारायचं होतं एकच वाक्य. वाटेभर घोकत गेलो होतो — ‘मामा, यंदा परतताना आम्ही दोघं हॅटनला उतरू का?’ बस, एवढंच.

मामांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “बरं झालं आलास, विमलसेन. मोठ्या पातेल्याचा कान निखळलाय. यात्रेआधी बसवून आण.”

मी म्हणालो, “बरं, मामा.”

आणि पातेलं डोक्यावर घेऊन घरी आलो! पन्नाशीला टेकलेला माणूस. भर सकाळी गावातून डोक्यावर पातेलं. पद्मा अक्का कुंपणाजवळ उभीच होती — “पाऊस येणार आहे का रे विमल? टोपी मोठी घातलीस!”

सोमलताने पातेलं बघितलं. आत नेऊन ठेवलं. तिचंच पातेलं ते. दर वर्षी श्रीपादच्या यात्रेला गावची बस निघते, मामा तिचे म्होरके, आणि त्यांची भाची, म्हणजे माझी बायको, ही बसभर माणसांची स्वयंपाकीण. आमचं लग्न झाल्यापासून हे असंच. माणसं डोंगर चढतात, बुद्ध भगवंतांच्या पाऊलखुणेवर डोकं टेकवतात, उगवता सूर्य बघतात, खाली येतात तेव्हा भात तयार असतो. तो आपोआप तयार होत नाही, हे कुणाच्या लक्षात नाही. माझ्याही कुठे होतं?

५ मार्च

पातेल्याचा कान बसवून आणला. विचारलं अजून नाहीच.

६ मार्च

हे डोक्यात कुठून आलं ते लिहून ठेवतो. गेल्या वर्षी परतताना हॅटनच्या स्टँडवर बस थांबली होती. शेजारी नुवरा एलियाची बस उभी. खिडकीतून एका बाईने हात बाहेर काढलेला, त्यावर लोकरीचा हातमोजा. सोमलता त्या मोज्याकडे बघत म्हणाली, “तिथे खरंच तोंडातून धूर निघतो का हो, बोलताना?”

मी म्हणालो, “निघत असेल.”

आमची बस सुटली, खाली उतरणीला लागली. दर वर्षी तशीच लागते. नुवरा एलिया तिथून वरच्या अंगाला, दोन-तीन तासांवर. तलाव, फुलांच्या बागा, थंडी. आख्खी लंका तिथे हवा खायला जाते. आम्ही मात्र दर वर्षी फाट्यावरून पाठ फिरवतो. मामा म्हणतात ते गोऱ्यांनी घोडे पळवायला वसवलेलं गाव, यात्रेकरूचं तिथे काय काम.

सोमलताचं ते वाक्य वर्षभर माझ्याबरोबर आहे. दालचिनी सोलताना साल सुटते ना, तसं सुटत नाही, चिकटूनच आहे.

८ मार्च

इरेशाचा कोलंबोहून फोन. खोली ठरवली म्हणे! “तात्ता, तलावाजवळ छोटं गेस्ट हाऊस आहे. बाई एकटी चालवते, चांगली आहे. खिडकीतून चहाचे मळे दिसतात. आता मागे फिरायचं नाही हं.” आमची लेक अशीच. तिला एकदा बोललो तर तिने खोलीच घेतली. मामांना विचारलंय का, हे तिने विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच तिला ठाऊक नाही. कोलंबोला राहून माणूस किती हलका होतो!

सोमलताला सांगितलं. ती डाळ निवडत होती. हात थांबले.

“मामांना विचारलंत?”

“विचारतो.”

हात परत चालू झाले. पण डाळ निवडून झालेलीच होती. निवडलेली पुन्हा निवडत होती.

११ मार्च

विचारलं! आणि नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

विहाराच्या सभामंडपात यात्रेची बैठक होती. कुठे थांबायचं, कुणी काय आणायचं. पहिल्या दिवशी केलणियाच्या विहाराचं दर्शन आणि मुक्काम, दुसऱ्या दिवशी हॅटनवरून डोंगराच्या पायथ्याशी नल्लतण्णी, रात्रीत चढाई, सकाळी खाली, आणि संध्याकाळचं जेवण परतीच्या वाटेवर कितुलगलला नदीकाठी. मामांनी विचारलं, “कुणाला काही सांगायचंय?” मी उभा राहिलो. म्हणालो, आम्ही दोघं परतताना हॅटनला उतरून नुवरा एलियाला एक दिवस राहून मागाहून येतो.

पद्मा अक्का लगेच — “अगं बाई! या वयात मधुचंद्र?” मग काय, हशा. म्हाताऱ्या कोताऱ्याही तोंडाला पदर लावून. सोमलता मागच्या खांबाला टेकून बसली होती, तिने मान इतकी खाली घातली की भांग दिसला.

मामा हसले नाहीत. “विमलसेन, यात्रेला निघताना मी डोंगर राखणाऱ्या समन देवाच्या नावानं नाणं बांधतो. जितके निघाले तितके सुखरूप परत आणीन, असा शब्द देतो. तुम्ही मध्येच उतरलात तर मी देवाला काय तोंड दाखवू? दोन डोकी कमी?”

“मामा, आम्ही दुसऱ्याच दिवशी—”

“श्रीपादचं पुण्य अंगावर ताजं असताना घोड्यांच्या गावात जाऊन ते धुऊन टाकायचं?”

मग मागून कुणीतरी खरं ते बोललं. नाव लिहीत नाही. “आणि मग कितुलगलला आमचा भात कोण शिजवणार?”

सगळ्यांनी माना हलवल्या. हो की! भात! देव, नाणं, पुण्य सगळं बाजूला आणि मंडपभर भाताचीच चर्चा. एका वेळचा भात! एका वेळचा!

घरी येताना सोमलता पुढे, मी मागे. फाटकाशी म्हणाली, “चारचौघांत कशाला काढलंत?”

आणखी रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१३ मार्च

मामांकडे गेलो. म्हणालो, त्या संध्याकाळी कितुलगलच्या हॉटेलातून जेवणाची पुडकी घेऊ. “पुण्याच्या वाटेवर हॉटेलचं अन्न?” मामा म्हणाले. गेल्या वर्षी कितुलगलला भात शिजेपर्यंत दम धरवेना म्हणून मामांनी स्वतः टपरीवरचे वडे खाल्ले होते. कागदासकट माझ्या डोळ्यांसमोर आहेत. “बरं, मामा,” म्हणालो.

१४ मार्च

पद्मा अक्काला विचारलं, तू एक वेळ करशील का. “मला बाबा एवढ्याचा अंदाज नाही येत. सोमेच्या हाताला चव आहे.” स्तुती करून माणसाला कसं बांधून घालतात बघा.

१६ मार्च

विहारात संध्याकाळी फुलं वाहिली. दिव्यात तेल घातलं. मन जागेवर नव्हतं. भगवंतांसमोर बसून मी मामांशी मनात भांडत होतो. सगळी उत्तरं तिथे सुचतात!

धाकट्या भंतेंना सांगितलं सगळं. ते म्हणाले, “देवाला नाणं वाहिलं की राखायचं काम देवाचं. डोकी मोजायचं काम मामांना कुणी दिलं? सांगा त्यांना, मी असं म्हणालो.”

केवढा हुरूप आला! तसाच मामांकडे. तंतोतंत सांगितलं.

मामा पान कुटत होते. कुटणं थांबलं नाही. “भंते चांगले आहेत. विद्वान आहेत. पण ते जन्माला यायच्या आधीपासून मी बस नेतोय.”

संपलं. मी कुणाकुणाला पाठवणार? वर देव आहे, तोही मामांच्याच ओळखीचा.

१७ मार्च

काही नाही. दिवसभर सोललं. बोट कापलं.

२० मार्च

उद्या पहाटे निघायचं. मामांनी आज नाणं हळदीच्या पाण्यात धुतलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं, सगळ्यांनी हात लावला, मीही लावला. आता या घटकेपासून यात्रा सुरू. आता तक्रार करायची नाही. ‘थकलो’ म्हणायचं नाही. ‘किती लांब आहे’ विचारायचं नाही, विचारलं की वाट लांबते. कुणाला वाईट बोलायचं नाही.

हे सगळं मी लहानपणापासून मानत आलो. आजही मानतो. थट्टा नाही करत. पण यंदा पहिल्यांदा वाटलं, की हा नेम कुणाच्या सोयीचा आहे? जो थकतो तोच फक्त गप्प बसतो.

इरेशाला फोन केला, खोली सोडून दे म्हणून. ती म्हणाली, “नाही सोडणार.” आणि फोन ठेवला. कुणावर गेलीय कोण जाणे.

२१ मार्च, केलणिया

दर्शन छान झालं. मन थोडं निवलं. जेवायला फणसाची भाजी. सोमलता सगळ्यात शेवटी जेवली, उभ्यानेच.

२२ मार्च, नल्लतण्णी

आज माझ्या हातून जे घडलं ते आमच्या गावात म्हातारी माणसं नातवंडांना सांगतील.

गिनिगत्हेनचा घाट चढत होतो. बस धापा टाकत होती. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. डोक्यात एकच हिशेब — हॅटनहून नुवरा एलियाची शेवटची बस किती वाजता असेल. होय, अजूनही तेच. सोडलंय असं म्हणत होतो ते खोटं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मोठ्याने. आख्ख्या बसला ऐकू जाईल असं.

“हॅटन अजून किती लांब आहे रे?”

भजन थांबलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. ड्रायव्हर सरथने तर स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला. “काय केलंत हे, विमल दादा!”

पुढच्याच वळणावर इंजिनातून वाफ! बस बाजूला घेऊन उभी. पाणी उकळून बाहेर.

कुणी काही म्हटलं नाही, कारण वाईट बोलायचं नाही! पण बघत होते. पद्मा अक्का तेवढी हवेला म्हणाली, “विचारलं की वाट लांबते म्हणतात. लांबली.” मला सांगावंसं वाटलं की केलणियापासून सरथ म्हणतोय, पाण्याची टाकी गळते. सरथकडे बघितलं. सरथ झाडाकडे बघत होता.

मामांपुढे गुडघे टेकून क्षमा मागितली. रस्त्याच्या कडेला, चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या बाया बघत असताना. बसमधल्या देवाच्या डब्यात पैसे टाकले. मामा हळू म्हणाले, रागाने नाही, तेच जास्त लागलं — “बघितलंस ना? एका मनाने दोन बस पकडता येत नाहीत. यंदा तू वर चढू नकोस. मन वर येणार नाही तुझं. खालीच थांब.”

मला! श्रीपाद चढू नकोस! आजवर एक वर्ष चुकवलं नाही मी. गुडघा धरला तेव्हाही काठी टेकत गेलो. “बरं, मामा,” म्हणालो. हेच दोन शब्द येतात मला. जन्मभर पुरलेत.

उठून बघतो तर काय, सोमलता बसमधून उतरलेली, कडेला तीन दगड मांडलेले, सरपण गोळा केलेलं, किटली चढवलेली. बस बिघडून पुरते चार क्षण झाले नसतील. गुळाचा खडा आणि काळा चहा, सगळ्यांना. मळ्यातल्या बायांनाही दिला. सगळे म्हणाले, “वा, सोमे!”

त्या सगळ्या जणांत एकटी तीच होती जिने ‘किती लांब’ यावरून माझ्याकडे तसं बघितलं नाही. चहा हातात देताना फक्त म्हणाली, “साखर जास्त घातलीय तुमच्यात.” गूळ मला सोसत नाही ना, म्हणून.

तोच दिवस, दिवेलागण

सगळे वर चढायला लागले. डोंगरावर दिव्यांची ओळ पेटली आहे, खालून वर, वळत वळत. इथूनच हात जोडले. भगवंत खालून केलेला नमस्कार घेत नाहीत असं कुठे लिहिलेलं नाही.

ओढ्याकाठी सोमलताची चूल. आयुष्यात पहिल्यांदा मी या वेळेला खाली आहे. वर जाणारी माणसं हिला दर वर्षी कशी दिसतात ते बघितलं. पाठमोरी.

म्हटलं मदत करू. पालेभाजी चिरायला घेतली. तिने सुरी काढून घेतली, “जाडी होतेय.” खोवणी घेतली, नारळ खोवायला. “करवंटी येतेय त्यात, द्या इकडे.” मग नुसता बसलो.

म्हणालो, “उद्या हॅटनला उतरायचं. मामा काहीही म्हणू देत. भात शिजो न शिजो.”

ती धुराकडे बघत राहिली.

“जाऊन काय करशील तिथे? बाग बघायची? होडी?”

तिने लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “बसेन.”

“कुठे?”

“कुठेही. कुणी उठवणार नाही अशी.”

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, “म्हणजे, तुमचा सकाळचा चहा झाला की.”

आणि उठून तिची पिशवी घेऊन आली. दाखवायला, खुशीत. घरून निघतानाच भरलेली, कुणाला न सांगता. मामा नाही म्हणाले, मी खोली सोडायला सांगितलं, तरी भरलेली! लोकरीची टोपी असेल वाटलं आत. आत होतं एक छोटं पातेलं. दोघांपुरते तांदूळ. डाळ. मिरचीची पूड. चहाची गाळणी. माझ्या गुडघ्याचं तेल.

“अगं, तिथे जेवण मिळतं! खोलीचं भाडं दिलंय, त्यातच आहे!”

“तुम्हाला बाहेरचं कुठे सोसतं.”

मी उठलो आणि ओढ्यापर्यंत गेलो. पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी बर्फासारखं.

महिनाभर मी मामांशी भांडतोय. आणि मामांच्या त्या एवढ्या मोठ्या पातेल्यातून तिला बाहेर काढून मी नेणार कुठे होतो? तर याच्यात. या छोट्यात.

२३ मार्च, सकाळ

खाली आले सगळे. चेहरे कसे धुतल्यासारखे. वर सूर्य छान उगवला म्हणे. जेवताना मामा म्हणाले, “सोमे, अर्धं पुण्य तुझं.” ती हसली. अर्धं पुण्य दर वर्षी मिळतं तिला. कुठे ठेवत असेल?

मला मामांनी जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला. माणूस वाईट नाही. हेच तर अवघड आहे.

आता निघतोय. इरेशाला फोन केला, दोन शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, “तात्ता, मी गेस्ट हाऊसच्या त्या बाईंना स्टँडवर उभं राहायला सांगते. परवा कोलंबोत मी घेईन उतरवून.”

२३ मार्च, संध्याकाळ, कितुलगल

हॅटनला सोमलताचा हात धरून उतरलो, नुवरा एलियाच्या बसमध्ये तिला खिडकीशी बसवलं आणि पिशवीतून पातेलं, तांदूळ, डाळ, गाळणी, तेल सगळं काढून घेतलं.

“एकटी कशी जाऊ?” म्हणाली — आणि हलली नाही जागेवरून. मी खाली उतरलो.

मामा अजून बोलतायत. बोलू देत. भात मी टाकलाय.